वाणिज्य दूतावास आणि तापीकाठ : पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडची केळी आखातात जाऊ लागल्यापासून एक प्रश्न वरचेवर कानावर येतो : मुंबईत दुबईच्या देशाचा, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचा, वाणिज्य दूतावास आहे, मग तो आपल्या मालाला गिऱ्हाईक का बघून देत नाही?

घोळ ‘वाणिज्य’ शब्दाचा आहे. मूळ शब्द कॉन्सुल. मध्ययुगात भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत परदेशी व्यापारी आपसातले तंटे मिटवायला आपल्यातलाच एक जण नेमत, तो कॉन्सुल. पुढे काम बदललं, व्यापाराचा वास मात्र नावाला चिकटून राहिला. १९६३च्या व्हिएन्ना करारात कॉन्सुलच्या कामांची यादी आहे. तिच्यात पहिलं काम स्वतःच्या देशाचं आणि नागरिकांचं हित जपणं. व्यापारवाढ त्याच्यामागून येते, तीही त्याच देशाच्या बाजूने. म्हणजे आपल्या केळीची बाजू मांडणारी कचेरी मुंबईत नाहीच, ती दुबईतली भारताची कचेरी. जून २०२१मध्ये तांदलवाडीची भौगोलिक मानांकन मिळालेली २२ टन केळी दुबईला गेली, तेव्हाच हा फरक गावोगाव समजावून सांगायला हवा होता. आपला जुना ‘वकिलात’ शब्द (वकील म्हणजे आपल्या राज्याची बाजू मांडणारा दूत) इतका फसवा नव्हता.

मुंबईच्या कचेरीशी खानदेशाचा खरा संबंध येतो तो व्हिसा आणि कागदांपुरता. २००५पासून भारतात ॲपॉस्टिल चालतं, म्हणजे त्याच्या करारातल्या देशांत एकाच शिक्क्यावर कागद खरा मानला जातो, पण संयुक्त अरब अमिराती त्या ॲपॉस्टिल करारात नाही. म्हणून तिकडे नोकरीला निघालेल्या धरणगावच्या पोराच्या पदवीला आधी राज्याचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र खात्याचा, शेवटी त्या देशाचा. एक शिक्का चुकला की पुन्हा पहिल्यापासून फेरा आणि मुंबईची आणखी एक वारी.

जुना इतिहास थोडक्यात. १६१५मध्ये सुरतेला उतरलेला इंग्रज वकील टॉमस रो बुऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटून मग जहांगीराकडे अजमेरला गेला. तेव्हा सुरत ते बुऱ्हाणपूर हा एकच व्यापारी पट्टा होता. १९००पर्यंत सुरत-अमळनेर रेल्वेनेही तोच धागा धरला. १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, बुऱ्हाणपूर तेव्हा आधीच मध्य प्रांतात होतं, नंतर राज्यांच्या सीमा आल्या आणि सुरतही परप्रांत ठरलं. मात्र अमेरिकेच्या मुंबईतल्या कचेरीच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश तिन्ही येतात. तिच्या नकाशावर हा सगळा तापीकाठ अजूनही एकत्र आहे.