उंच पठारांवरील बाष्पवहन

समुद्रावरचे बाष्प हवामान प्रणालींच्या आधारे पर्वतरांगा ओलांडून उंच पठारांवर पोहोचण्याची प्रक्रिया. तिबेटचे पठार (सरासरी उंची सुमारे ४,५०० मी.) आणि अँडीजमधील आल्तिप्लानो (सुमारे ३,८०० मी.) येथे तिचा विशेष अभ्यास झाला आहे. दमट वारा डोंगराला थडकतो, चढतो आणि पाऊस पाडतो, हे परिचित चित्र हजारभर मीटरच्या डोंगराला लागू पडते. चार-पाच हजार मीटरच्या भिंतीपुढे ते अपुरे ठरते. तिथे वारा सहसा चढत नाही. बाष्पाला आधी कुणीतरी उचलून द्यावे लागते, किंवा भिंतीत फट असावी लागते.

वातावरणातले निम्मे बाष्प तळच्या दीड-दोन किलोमीटरमध्येच असते. ३०° से. तापमानाच्या संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेल्या) हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, ०° ला पाच ग्रॅमहून कमी. म्हणजे वर जाता जाता बहुतेक पाणी वाटेतच गळते. त्यात वाऱ्याची चढण्याची ताकदही तोकडी. स्थिर हवेत वारा किती उंची चढेल याचा ढोबळ अंदाज वेगाला हवेच्या स्थैर्याने (उभ्या हालचालीला होणाऱ्या विरोधाच्या मापाने) भागून मिळतो. वेग १० मी./से. आणि स्थैर्य ०.०१ प्रतिसेकंद धरले, तर उत्तर येते फक्त १,००० मी. ढग बनताना सुटणाऱ्या सुप्त उष्णतेमुळे दमट हवा याहून अधिक चढते, पण हिमालयाच्या माथ्यापर्यंतचा पल्ला त्यानेही गाठला जात नाही. म्हणूनच पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरचा वारा हिमालयाला अडून डावीकडे वळतो आणि गंगेच्या मैदानातून पश्चिमेकडे वाहतो.

उचलण्याचे काम गडगडाटी ढग करतात. पायथ्याच्या मैदानात आणि उतारांवर उभे वाढलेले ढग तळचे बाष्प पाच ते आठ किलोमीटरपर्यंत नेऊन सोडतात. तेथून पुढचा प्रवास मधल्या थरातल्या वाऱ्याच्या हाती असतो. ५०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक; दाब उंचीबरोबर घटतो) पातळीवर, म्हणजे साधारण ५,८०० मीटरवर, वाऱ्याला दक्षिणेचा घटक असेल तरच ते बाष्प पठारावर जाते. मध्य भारतावर मोसमी कमी दाबाचे क्षेत्र असते तेव्हा त्याच्या पूर्व अंगाला नेमका असा वारा मिळतो. नुसते ढग किंवा नुसता वारा पुरत नाही, दोन्ही एकाच वेळी जुळावे लागतात.

दुसरी वाट दऱ्यांची. नामचा बरवा (७,७८२ मी.) शिखराला वळसा घालणारी यारलुंग त्सांगपोची (तिबेटमधल्या ब्रह्मपुत्रेची) घळ ही तिबेटच्या पठारातली सर्वांत मोठी फट आहे. पठाराचा आग्नेय भाग सर्वाधिक ओला असण्याचे आणि वायव्येकडे जाताना पाऊस घटण्याचे ती एक मोठे कारण आहे. मात्र दरीत जोराचा वारा दिसला की भरपूर बाष्प जात असेल, असे समजू नये. धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या दरीत दुपारी वारा इतका वाढतो की जोमसोमची विमाने सकाळीच उडवावी लागतात, तरीही वरचे मुस्तांग कोरडेच राहते.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली) भूमध्य समुद्र व अरबी समुद्राकडचे बाष्प पामीर-काराकोरमवर बर्फाच्या रूपात उतरवतात. पठाराच्या अंतर्भागात त्यातले थोडेच पोहोचते. पावसाळा सरताना चक्रीवादळेही धोका आणतात. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुदचे बाष्प पश्चिमेकडून येणाऱ्या वरच्या थरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याने उत्तरेकडे ओढले. १४ तारखेला नेपाळमधील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळ झाले आणि चाळीसहून अधिक जण दगावले. किनाऱ्यावर वादळ विरले म्हणजे डोंगरातला धोका टळला, हा समज किती घातक ठरू शकतो ते यातून दिसते.

आल्तिप्लानोवर वाऱ्याचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. पूर्वेला ॲमेझॉन खोऱ्यात दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात दमट हवेचा तुटवडा नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत वरच्या थरातले वारे पूर्वेकडून वाहतात तेव्हा ही हवा उतारांवरून वर खेचली जाते. तेच वारे पश्चिमेकडून वाहू लागले की आकाश अनेक दिवस निरभ्र राहते. एल निनोच्या वर्षांत हे पश्चिमी वारे बहुधा बळावतात आणि पठारावर अवर्षण पडते.

मोजणीसाठी बाष्पवहनाचा उभा संकल (खालपासून वरपर्यंतच्या थरांची बेरीज) काढतात : विशिष्ट आर्द्रता (दर किलो हवेतले किलो बाष्प), वेग व थराची दाबातली जाडी यांच्या गुणाकाराला गुरुत्वप्रवेगाने भागायचे. आर्द्रता ०.००४, वेग १० मी./से. आणि ५५० ते ४०० हेक्टोपास्कलचा थर (१५,००० पास्कल) घेतला, तर दर मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे ६१ किलोग्रॅम पाणी जाते. १०० कि.मी. रुंदीतून सुमारे ६,१०० टन. हे सगळे १०० × १०० कि.मी. क्षेत्रावर गळले, तरी पाऊस तासाला जेमतेम २.२ मि.मी. भरतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे बेरीज ८५० किंवा ७०० हेक्टोपास्कलपासून सुरू करणे. पठाराच्या पृष्ठभागावरच दाब सुमारे ५८० हेक्टोपास्कल असतो. त्याखालच्या पातळ्या जमिनीच्या आत येतात आणि तिथले आकडे केवळ गणिती भरणा असतात. सापेक्ष आर्द्रताही फसवते : ०° ला ९०% आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला साडेचार ग्रॅमच्या आत बाष्प असते, ३०° ला ४०% असली तरी बारा ग्रॅम. मोठ्या चौकडीच्या (प्रदेशाचे मोठे चौकोन पाडणाऱ्या) संगणकीय प्रतिमानांत शिखरे बोथट होतात, डोंगरांचा अडथळा घटतो आणि पठारावर प्रत्यक्षाहून जास्त पाऊस दाखवला जातो. उलट पर्जन्यमापकात जोराच्या वाऱ्यामुळे बर्फ कमी पडतो. त्यामुळे प्रतिमान आणि मापक यांच्यातला सगळा फरक प्रतिमानाच्या माथी मारता येत नाही.

पडलेले पाणी कुठून आले याचा माग ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकावरून (ऑक्सिजनच्याच जड प्रकारावरून) लागतो. वाटेत पाऊस पडत गेला की जड रेणू आधी गळतात आणि उरलेले बाष्प हलके होते. दक्षिण तिबेटच्या मोसमी पावसात जड ऑक्सिजन कमी सापडतो. पठाराच्या मध्यातल्या तंगुला रांगेच्या उत्तरेला उन्हाळी पावसात तो वाढतो, कारण तिथले बरेचसे पाणी पश्चिमी वाऱ्यांनी आणलेले किंवा पठाराच्याच ओल्या मातीतून आणि तळ्यांतून पुन्हा वर गेलेले असते.