मुंबई-लंडन विमान आणि पृथ्वीचं फिरणं: एक खुलासा

मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा बहुधा तासभर जास्त लागतो. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून’ हे त्याचं कारण वर्षानुवर्षं फिरतंय. मुलांनाही तेच सांगितलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो: हे चूक आहे.

मुळात हा तर्क उलटा पडतो. विमानाखालून पृथ्वी पूर्वेकडे सरकत असती, तर लंडनच विमानाकडे चालून आलं असतं आणि जातानाचा प्रवास लवकर संपला असता! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. पण तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं. नाहीतर जुहूवर तासभर एका जागी तरंगणारं हेलिकॉप्टर थेट अरबी समुद्रापार उतरलं असतं.

खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार हवेचे झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. येताना हा वारा पाठीशी असतो, जाताना समोरून. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडचा हा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, म्हणून फरक वर्षभर सारखा राहत नाही.

पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो एवढाच: विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्यामुळे पूर्वेकडे वळते आणि हे झोत तयार होतात.