बंद रोलमधला समुद्र

मे महिन्यात गुहागरला जाताना बाबांचा जुना कॅमेरा बरोबर घेतला. ३६ फोटोंचा एकच रोल. आई लाटांत उभी राहिली, मी बटण दाबलं आणि लेक धावत आली, "दाखव ना!" कॅमेऱ्याच्या पाठीवर नुसतं काळं झाकण. खरं तर फोटो तेव्हाच उमटला होता, फक्त कुणालाच दिसणार नव्हता. फिल्ममधलं हेच मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. त्यांवर प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीच्या आयनाला गाठून त्याचा अणू करतो. असे चार-पाच अणू एका जागी जमले की काम झालं. स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन आणि बदललेले जेमतेम चार! हीच 'सुप्त प्रतिमा'.

ते एका जागी जमतात, त्यात मोहरीचा हात आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. काही जिलेटिनची फिल्म प्रकाशाला चटकन दाद देई, काहींची देत नसे, आणि कारण सापडत नव्हतं. १९२० च्या दशकात फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी ते शोधलं. गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरत होता. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात झणका जातो ना, त्याच द्रव्यातला गंधक. त्यामुळे स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके होतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात.

रंगीत रोल धुताना तो साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, सव्वातीन मिनिटं राहतो. ज्या स्फटिकावर ते चार अणू आहेत त्यात चांदी भराभर सुटी होते, शेजारचा कोरा स्फटिक तसाच राहतो. सुट्या चांदीभोवती रंग धरतो आणि पुढच्या रसायनांत चांदी सगळी निघून जाते. उरतो तो फक्त रंग.

तोवर मात्र रोल जपावा लागतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. विमानतळावर चेक-इनच्या बॅगेत तर मुळीच नको, तिथल्या एक्स-रेने फिल्म धुरकटते. घरी आल्यावर लवकर धुवायला टाका, कारण सुप्त प्रतिमा हळूहळू विरते.

आमचा रोल आठवड्याने आला. लेकीने निगेटिव्हची नारिंगी पट्टी खिडकीशी धरली. त्यात आजीचे पांढरे केस काळे दिसत होते.