ओकच्या पिंपात मुरलेली बिअर मर्यादितच का निघते?

एखादी क्राफ्ट ब्रुअरी (छोट्या प्रमाणावर बिअर बनवणारा कारखाना) ओकच्या पिंपात वर्षभर मुरवलेली बिअर बाजारात आणते, तेव्हा बाटलीवर ‘मर्यादित’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. तो वाचून शंका येणे स्वाभाविक आहे, कारण टंचाई दाखवून मागणी वाढवण्याची युक्ती व्यापाराइतकीच जुनी आहे, आणि या व्यवसायात ती कोणी वापरत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही या बिअरच्या बाबतीत त्या शब्दाला विक्रीकलेपलीकडचा आधार आहे. पिंपाचे लाकूड आपला उत्तम भाग एकदाच देते, प्रत्येक पिंपातली बिअर आपापल्या वाटेने जाते, आणि वर्षाच्या शेवटी काही पिंपे चक्क ओतून द्यावी लागतात. हे का घडते ते समजून घ्यायचे, तर बिअरच्या आधी लाकडाकडे पाहावे लागते.

गंमत अशी की, बिअर शतकानुशतके लाकडातच साठवली जात असे आणि त्या काळातले अनेक ब्रुअर तिला लाकडाची चव लागू नये म्हणून धडपडत असत. मध्य युरोपात पिंपांना आतून राळेचा लेप देत, म्हणजे बिअर आणि लाकूड यांची गाठच पडत नसे. लंडनमध्ये पोर्टर नावाची काळसर बिअर प्रचंड लाकडी हौदांत महिनोन्महिने मुरवली जाई. हे हौद केवढे होते, याची कल्पना एका दुर्घटनेवरून येते: 17 ऑक्टोबर 1814 रोजी म्यूक्स कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीतला सुमारे 22 फूट उंचीचा हौद फुटला आणि बिअरचा लोंढा शेजारच्या वस्तीत शिरून 8 जणांचा जीव गेला. एवढ्या मोठ्या हौदात बिअरच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग फार थोडा असतो, त्यामुळे तिथेही लाकडाचा वाटा गौणच असणार. पुढे धातूची पिंपे आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आल्या व लाकूड जवळजवळ हद्दपार झाले. ब्रुअर त्याच्याकडे पुन्हा वळले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि या खेपेस नेमक्या उलट हेतूने. शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीने 1990 च्या दशकात बोर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत दाट, काळी स्टाउट मुरवली, आणि जी चव पूर्वी दोष मानली जात होती तीच आता हवीहवीशी ठरली.

पिंपासाठी ओकच का, या प्रश्नाचे उत्तर झाडाच्या शरीररचनेत आहे. अमेरिकेतला क्वेर्कस आल्बा आणि युरोपातले क्वेर्कस रोबर व क्वेर्कस पेट्रिया या पांढऱ्या ओकच्या जातींत खोडातल्या जुन्या जलवाहिन्या टायलोस नावाच्या, फुग्यासारख्या वाढींनी बुजून जातात. लाल ओकमध्ये त्या बऱ्याच अंशी मोकळ्या राहतात, इतक्या की त्याच्या लहान तुकड्यातून फुंकर आरपार जाते. अशा लाकडाचे पिंप गळणारच. शिवाय चांगली फळी खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने काढलेली असते. त्यामुळे लाकडातले मज्जाकिरण, म्हणजे खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, फळीच्या रुंदीशी समांतर राहतात आणि द्रवाला बाहेर जाण्याची वाट अडवतात. या फळ्या, विशेषतः वाइनच्या पिंपांसाठी, दोन-तीन वर्षे उघड्यावर रचून ठेवतात. पावसाने त्यांतले उग्र टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, धुऊन निघते आणि पृष्ठभागावरच्या बुरश्याही लाकडात सावकाश बदल घडवतात.

मात्र कच्च्या लाकडात आपल्या ओळखीचा सुगंध फारसा नसतो. तो येतो आगीतून. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन प्रकारच्या महाकाय रेणूंची वीण आहे. पिंप आतून भाजताना तापमान सुमारे 150 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यांतला सर्वांत नाजूक, म्हणजे हेमिसेल्युलोज, आधी मोडतो. त्यातून शर्करा आणि फरफ्युरलसारखे रेणू तयार होतात, आणि त्यांच्यामुळे कॅरमेल व भाजलेल्या बदामाची छटा येते. लिग्निन अधिक चिवट असते, पण उष्णता वाढली की तेही तुटते. त्याच्या तुकड्यांतूनच व्हॅनिलिन बाहेर पडते, जे व्हॅनिलाच्या शेंगेतल्या मुख्य सुगंधी रेणूहून रासायनिकदृष्ट्या तसूभरही वेगळे नसते. ग्वायाकॉलमुळे धुराचा वास येतो, तर लवंगेत असते तेच युजेनॉल ओकच्या लाकडातही आढळते. खोबऱ्याची आठवण करून देणारा ओक लॅक्टोन हा रेणूही लाकडात मुळातच असतो आणि अमेरिकी ओकमध्ये त्याचे प्रमाण सामान्यतः युरोपीय ओकपेक्षा जास्त असते. त्याची दोन रूपे आहेत, सिस आणि ट्रान्स. अणू तेच, केवळ त्यांची मांडणी वेगळी. तरीही आपले नाक सिस रूप कितीतरी कमी प्रमाणात असतानाच ओळखते.

आता ही पिंपे ब्रुअरीपर्यंत कशी पोहोचतात ते पाहू, कारण या कथेला कायद्याने एक अनपेक्षित वळण दिलेले आहे. अमेरिकी नियमांनुसार बोर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पात्रातच साठवावी लागते आणि भरताना तिच्यातले अल्कोहोल 62.5 टक्क्यांहून जास्त असून चालत नाही. एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बोर्बन मुरवता येत नसल्याने डिस्टिलरीकडे सुमारे 200 लिटर क्षमतेची उत्तम पिंपे सतत रिकामी होत राहतात. त्यातली कित्येक स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी जातात, काही ब्रुअर उचलतात. या पिंपांच्या आतल्या बाजूला कोळशाचा थर असतो. तो स्वतः फारशी चव देत नाही. त्याचे काम गाळणीचे असते आणि गंधकयुक्त उग्र रेणू तो आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. खरा ऐवज असतो कोळशाच्या मागे, जिथे लाकूड जळलेले नसून नुसते भाजलेले असते.

व्हिस्की अनेक वर्षे त्या भाजलेल्या थरात आत-बाहेर करत असते. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावून फळीत शिरतो, थंडीत आकसून परत येतो. पिंप रिकामे केले तरी फळीत काही मिलिमीटर खोलीपर्यंत मुरलेली व्हिस्की तिथेच राहते, आणि बिअर भरल्यावर ती विसरणाने हळूहळू तिच्यात उतरते. एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, लाकडात 60 टक्के अल्कोहोलची 5 लिटर व्हिस्की आहे आणि पिंपात 11 टक्क्यांची 195 लिटर बिअर भरली. सगळी व्हिस्की तिच्यात मिसळली, तर मिश्रणातले अल्कोहोल 12.2 टक्क्यांवर जाते. म्हणजे वरून एक थेंबही न घालता बिअर टक्काभर अधिक तीव्र होते. पण हा साठा एकदाच मिळणारा आहे. लाकडातल्या सुगंधी रेणूंचेही तेच: ते सुरुवातीला भराभर उतरतात, मग वेग मंदावतो, आणि दुसऱ्यांदा भरलेल्या बिअरच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. पहिल्या भरणीची बिअर पुन्हा तशीच बनवायची, तर नव्याने रिकामी झालेली पिंपेच आणावी लागतात.

प्रत्येकच बिअर या संगतीत टिकते असे नाही. हलकी, हॉप्सच्या (बिअरला कडूपणा व सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) सुगंधावर उभी असलेली बिअर पिंपात घालणे म्हणजे ती वाया घालवणे होय, कारण हॉप्सचा ताजेपणा काही महिन्यांत विरतो आणि त्यांचा कडूपणा देणारी आयसो-आल्फा आम्लेही सावकाश मोडत जातात. म्हणून दाट स्टाउट किंवा बार्लीवाइन नावाची तीव्र बिअर निवडतात, ज्यात न आंबलेली शर्करा भरपूर असते आणि अल्कोहोल 10 टक्के किंवा त्याहून अधिक असते. पिंप दाब सहन करत नसल्याने त्यात बिअरमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बाहेर काढताना ती अगदी निर्जीव असते आणि तिला पुन्हा फेस येईल इतका वायू नंतर द्यावा लागतो किंवा बाटलीत यीस्टकडून तयार करवून घ्यावा लागतो.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ऑक्सिजनचा वाटा. आधुनिक ब्रुअरीत ऑक्सिजन हा शत्रू आहे; बाटलीत बंद करताना लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी ऑक्सिजन राहावा, यासाठी महागडी यंत्रे राबतात. ओकच्या पिंपात मात्र फळ्यांमधून, सांध्यांमधून आणि बुचाच्या कडेने वर्षभरात लिटरमागे दहा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त ऑक्सिजन शिरतो. हाच ऑक्सिजन हलक्या बिअरमध्ये ट्रान्स-2-नोनेनल या रेणूचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास पुढे आणतो. काळ्या बिअरचा बचाव होतो तो भाजलेल्या माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) मेलॅनॉइडिनसारख्या संयुगांमुळे. ती ऑक्सिडीकरणात स्वतः भाग घेतात आणि परिणामी पुठ्ठ्याऐवजी सुकामेव्याची, शेरी वाइनची आठवण देणारी चव तयार होते. अर्थात या उपकाराला सीमा आहे, आणि ती ओलांडली की बिअर मुरलेली न वाटता शिळी वाटू लागते.

पिंपाचा आकार इथे निर्णायक ठरतो. पात्र दहापट मोठे केले, तर घनफळ दहापट वाढते पण पृष्ठभाग साडेचारपटींच्या आसपासच वाढतो, म्हणजे लिटरमागे मिळणारे लाकूड आणि हवा निम्म्याहूनही कमी होते. मोठ्या हौदात घाऊक प्रमाणात तीच बिअर बनवता येत नाही, ती त्यामुळेच. स्टीलच्या टाकीत भाजलेल्या ओकचे तुकडे टाकण्याचा सोपा मार्ग आहे, आणि व्हॅनिला व खोबऱ्याच्या छटा त्यातून काही आठवड्यांत मिळतातही. परंतु टाकीच्या भिंतीतून हवेची सावकाश आवक होत नाही, त्यामुळे लाकडाची चव येते, मुरलेपणा येत नाही.

हवा आत येते तसे द्रवही बाहेर जाते. स्कॉटलंडच्या थंड हवेत व्हिस्कीची पिंपे वर्षाला सुमारे 2 टक्के द्रव गमावतात; उष्ण जागी हे प्रमाण वाढते. कोठारातली हवा कोरडी असेल तर पाणी अधिक वेगाने उडते, दमट असेल तर अल्कोहोलचा वाटा वाढतो. बिअरची पातळी उतरली की वर हवेची पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीची वाट पाहणारे अ‍ॅसिटोबॅक्टर हे जिवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करायला तत्परच असतात.

सूक्ष्मजीवांचा धोका तेवढ्यावर संपत नाही. स्टीलची टाकी निर्जंतुक करता येते. सच्छिद्र लाकूड पूर्णपणे निर्जंतुक करणे जवळपास अशक्य आहे, कारण गरम पाणी किंवा वाफ फळीत फार खोल जात नाही. तीव्र व्हिस्कीमुळे बहुतेक जिवाणू मेलेले असतात, हॉप्सची आम्ले उरलेल्यांना रोखतात, पण हा बंदोबस्त अभेद्य नसतो. गूस आयलंडला 2015 च्या हंगामात याचा प्रत्यय आला. तिच्या प्रसिद्ध बोर्बन काउंटी मालिकेतल्या काही बिअर आंबट निघाल्या, तपासात लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिटोटोलरन्स हा जिवाणू सापडला आणि कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले. पुढच्या वर्षापासून ही बिअर बाटलीत भरण्यापूर्वी पाश्चरीकरण सुरू झाले. हा जिवाणू मुळात 1980 च्या दशकात जपानमध्ये तांदळाच्या व्हिनेगरच्या आंबवणात सापडला होता, म्हणजे कठीण परिस्थितीत तग धरण्याची सवय त्याला आधीपासूनच होती.

याच कारणाने प्रत्येक पिंपाची वेगळी चव घ्यावी लागते. त्यासाठी पिंपाच्या टोकाच्या सपाट बाजूला लहान भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकून ठेवतात; खिळा उपसला की बारीक धार पडते, ती पेल्यात धरायची आणि खिळा परत बसवायचा. बूच उघडावे लागत नाही, त्यामुळे हवाही आत जात नाही. एकाच दिवशी, एकाच टाकीतून भरलेल्या तीन पिंपांपैकी एकात व्हॅनिला उठून दिसतो, दुसरे टॅनिनने तुरट झालेले असते, तिसऱ्यात व्हिनेगरची सुरुवात झालेली असते. ओकची दोन झाडे सारखी नसतात, पिंपे तितकीच भाजलेली नसतात आणि कोठारात वरच्या मांडणीवर उकाडा जास्त असतो. मग ब्रुअर कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि कोणते पिंप कोणात किती मिसळायचे ते ठरवतो. माझ्या मते या बिअरमधले सर्वांत अवघड कौशल्य हेच आहे, आणि त्यातलाही सर्वांत अवघड निर्णय म्हणजे वर्षभर सांभाळलेले पिंप मिश्रणात न घेता ओतून देणे. बाटल्यांची संख्या अखेर तिथे ठरते.

चव देऊन रिते झालेले पिंप मात्र निकामी होत नाही. त्यातली व्हिस्की संपलेली असते, व्हॅनिलिन उतरून गेलेले असते, पण छिद्रे आणि हवेची ये-जा कायम असते, आणि आंबट बिअर बनवणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतले नील्स येल्टे क्लाउसेन यांनी 1904 मध्ये इंग्लंडच्या मुरलेल्या एल या प्रकारच्या बिअरमधल्या एका संथ यीस्टचे वर्णन केले आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. भाजलेल्या लाकडातून सुटणारी सेलोबायोज ही शर्करा बिअरच्या नेहमीच्या यीस्टला पचत नाही. ब्रेटॅनोमायसिसचे कित्येक वाण ती खाऊन फळीच्या आत वर्षानुवर्षे वस्ती करतात. ब्रसेल्सभोवतीच्या, लँबिक ही आंबट बिअर बनवणाऱ्या ब्रुअऱ्यांत अशी जुनी पिंपे जपून ठेवतात आणि त्यांत बिअर एक ते तीन वर्षे राहू देतात. स्टाउटसाठी जे पिंप संसर्गाच्या संशयावरून बाजूला काढले असते, ते तिथे आतल्या रहिवाशांसकट पुन्हा भरले जाते.