टाइल्स आणि ग्राउटची घरगुती सफाई

टाइल्सची फरशी आणि टाइल्समधले सांधे विकतच्या क्लीनरऐवजी घरातल्या वस्तूंनी साफ करायची पद्धत. खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, भांडी घासायचं लिक्विड, हायड्रोजन पेरॉक्साइड ही त्यातली नेहमीची मंडळी. टाइल गुळगुळीत असते, कोमट पाण्यात थोडं लिक्विड टाकून पुसली की झालं. खरा घोळ सांध्यांचा आहे, म्हणजे सांध्यांत भरलेल्या मसाल्याचा, ग्राउटचा.

साधं ग्राउट म्हणजे सिमेंट, त्यात रंग आणि रुंद सांधा असेल तर बारीक वाळू. आज ज्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतात त्या नावाचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने 1824 मध्ये घेतलं, त्याआधी सांधे चुन्याचे असायचे, त्यामुळे आजची ही सफाई त्यामानाने अलीकडचीच म्हणायला हवी. सिमेंटला बारीक छिद्रं असतात, शिवाय सांधा टाइलपेक्षा किंचित खोल असतो, म्हणून पोछ्याचं मळकं पाणी तिथेच जाऊन बसतं आणि टाइल चकाचक पण रेघा काळ्या असा प्रकार होतो. ग्राउट कुठलं आहे ते बघायला सांध्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब मुरला आणि तिथे गडद डाग पडला तर सिमेंट उघडं आहे, तसाच मण्यासारखा बसून राहिला तर एकतर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा थर, लावलाय किंवा ग्राउट इपॉक्सीचं, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं आहे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकावं का यावर दोन मतं आहेत. एक मत असं की फसफसणारा फेस मळ वर काढतो. दुसरं मत रसायनशास्त्राचं, आणि तेच जास्त पटतं. व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, म्हणजे 100 मिलीत 5 ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढं ॲसिड मारायला 7 ग्रॅम सोडा, जेमतेम दीड चमचा, पुरतो. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो उडून गेला की मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्यात ना सोड्याचा जोर ना व्हिनेगरचा. बुडबुड्यांनी सुटा मळ थोडा हलतो हे खरं, पण पुढचं काम ब्रशच करतो आणि श्रेय मात्र फेसाला जातं. वापरायचंच तर एक करून, धुऊन, मग दुसरं.

त्यातही व्हिनेगर किंवा लिंबू सिमेंटवर जपून. ॲसिड पाण्याचे पांढरे क्षार विरघळवतं हे बरोबर, पण क्षार आणि सिमेंट दोन्हींत कॅल्शियमच, त्यामुळे ते दर आठवड्याला ओतलं तर सांधा हळूहळू भुसभुशीत होतो. संगमरवरावर तर अजिबात नको, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटच आहे, चमक जाते आणि परत पॉलिशशिवाय येत नाही.

सगळ्यात भरवशाचा लेप सोडा आणि 3 टक्के पेरॉक्साइडचा. टूथपेस्टइतका घट्ट कालवायचा, सांध्यावर बोटाने दाबून भरायचा, 10-15 मिनिटं ठेवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा आणि, हे बरेच जण विसरतात, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यायचा, नाहीतर सोड्याची पांढरी पूड सांध्यात राहते आणि लोकांना वाटतं ग्राउटच खराब झालं. पेरॉक्साइड 1818 मध्ये थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. उजेडाने ते खराब होतं म्हणून बाटली गडद रंगाची असते. कालवलेला लेप मात्र बाटलीत भरून ठेवू नये, सोड्यामुळे पेरॉक्साइड लवकर फुटतं, ऑक्सिजन सुटतो आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुगते.

क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर टाकलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया टाकला की क्लोरामाइन, दोन्ही विषारी. बंद बाथरूममध्ये तर हा खेळ नकोच.

इपॉक्सी ग्राउटला यातलं काही लागत नाही, लिक्विडचं पाणी पुरतं. रंगीत ग्राउटवर पेरॉक्साइडने रंग फिका पडू शकतो, म्हणून आधी दारामागच्या एखाद्या सांध्यावर लावून, सुकू देऊन मग बघावं, ओलं असताना सगळेच रंग गडद दिसतात.