तुकड्यांनी वाचणं वेगळं, तुकड्यांनी येणं वेगळं

डेटाबेसमधून एका क्वेरीने एक कोटी रेकॉर्ड काढायचे आहेत. कोडमध्ये फेचमेनी, म्हणजे ठरावीक संख्येने रेकॉर्ड मागणारं फंक्शन, आहे, दर वेळी हजारच रेकॉर्ड घेतले जातात, काम झालेला तुकडा सोडूनही दिला जातो. तरी मेमरी भरते आणि प्रोसेस मरते. सगळे लूप तपासत बसतात, पण लूपमध्ये काहीच चुकलेलं नसतं. मेमरी भरते ती लूप सुरू होण्याआधी, क्वेरी चालवणाऱ्या एक्झिक्यूटच्या ओळीवर.

पायथॉनमधून पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारी सायकोपीजी २ ही लायब्ररी घ्या. तिचा साधा कर्सर, म्हणजे ज्यातून आपण क्वेरीचा निकाल वाचतो ती वस्तू, क्लायंट-साइड म्हणजे आपल्या बाजूचा असतो. एक्झिक्यूट म्हटलं की संपूर्ण निकाल नेटवर्कवरून आपल्या मशीनवर येतो आणि त्यानंतरच पुढची ओळ चालते. फेचमेनी मग त्या आधीच येऊन पडलेल्या ढिगातून हजार रेकॉर्ड उचलून देतं. म्हणजे वाचन तुकड्यांनी होतं, पण माल सगळा एकदमच उतरलेला असतो.

त्याच लायब्ररीत कर्सर उघडताना त्याला नाव दिलं की तो सर्व्हर-साइड होतो. आता डिक्लेअर कर्सर ही आज्ञा सर्व्हरकडे जाते, निकाल तिथेच थांबतो आणि आपण मागू तेवढेच रेकॉर्ड येतात. नुसता फॉर-लूप फिरवला तर सर्व्हरकडच्या एका फेरीत २०००, कारण आयटरसाइझ या सेटिंगची मूळ किंमत तेवढी आहे. दोन्ही कोड शेजारी ठेवले तर फरक फक्त त्या नावाचा दिसतो, म्हणूनच इतके जण फसतात. पांडाज या पायथॉनच्या डेटा-लायब्ररीतल्या रीड एसक्यूएलमधला चंकसाइझही असाच चकवतो: खालचा ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, सगळं आणून ठेवत असेल, तर चंकसाइझने डेटाफ्रेम (पांडाजचं टेबल) लहान होते, ढीग नाही.

जावात हा सापळा आणखी वाईट आहे. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये एका वेळी किती आणायचे हे सांगणारं सेटफेचसाइझ दिलं, पण प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करणारं ऑटोकमिट चालूच ठेवलं, तर ती सूचना मुकाट्याने दुर्लक्षित होते. एरर नाही, इशारा नाही. चाचणीच्या छोट्या टेबलवर सगळं छान चालतं आणि खऱ्या डेटावर हीप, म्हणजे जावाची मेमरी, संपते. माझ्या मते इथे ड्रायव्हरने निदान लॉगमध्ये एक ओळ तरी लिहायला हवी होती.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या सी लायब्ररीत मात्र या दोन वाटांना स्वतंत्र फंक्शनं आहेत: स्टोअर रिझल्ट सगळं आणून ठेवतं, यूज रिझल्ट एकेक रेकॉर्ड ओढत जातं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये सर्व्हरच नाही. पायथॉनमधून वापरताना रेकॉर्ड मागू तसेच पुढे सरकतात, त्यामुळे तिथे फेचमेनी खरोखरच मेमरी वाचवतं. तिथली सवय पोस्टग्रेसकडे नेली की घोटाळा होतो.

आपला कोड कोणत्या बाजूचा, हे ओळखायला एक्झिक्यूटनंतर आणि पहिल्या फेचआधी प्रोसेसची मेमरी पाहा. तिथेच ती उडी मारत असेल, तर निकाल तुमच्याकडे आलेला आहे.

सर्व्हर-साइड कर्सर फुकट मिळत नाही. पोस्टग्रेसमध्ये तो एरवी ट्रान्झॅक्शनपुरताच जगतो. मधेच कमिट केलं, म्हणजे बदल पक्के करून ट्रान्झॅक्शन संपवली, की कर्सर गेला. लूपमध्ये प्रत्येक रेकॉर्डवर हळू काम करत तासन्‌तास ट्रान्झॅक्शन उघडी ठेवली, तर व्हॅक्यूम या सफाईच्या कामाला जुन्या नोंदी साफ करता येत नाहीत आणि टेबलं फुगतात. विथ होल्ड हा पर्याय लावून कर्सर कमिटनंतरही जगवता येतो, पण मग कमिटच्या वेळी उरलेला निकाल सर्व्हरला साठवून ठेवावा लागतो. मायएसक्यूएलच्या यूज रिझल्टमध्ये सगळे रेकॉर्ड वाचून होईपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. शिवाय आपण फार रेंगाळलो, तर नेट राइट टाइमआउटची मुदत, मूळ किंमत ६० सेकंद, संपून सर्व्हर कनेक्शन तोडू शकतो.

म्हणून प्रत्येक रेकॉर्डवरचं काम वेळखाऊ असेल, किंवा मधे तुटल्यास तिथूनच पुढे जायचं असेल, तर मी कर्सर उघडा ठेवत नाही. शेवटचा वाचलेला आयडी जपायचा आणि त्याहून मोठ्या आयडीचे पुढचे हजार, आयडीच्या क्रमाने, नव्या क्वेरीने मागायचे. ऑफसेटने, म्हणजे ‘पहिले इतके वगळ’ असं सांगून, हे करू नका. त्यात वगळायचे रेकॉर्डही सर्व्हरला दर वेळी पार करावे लागतात, त्यामुळे प्रत्येक पान आधीच्यापेक्षा हळू होत जातं. आयडीवर इंडेक्स असेल, तर शेवटचं पानही पहिल्याइतक्याच वेगाने येतं.