लहान होडीतून खाडीप्रवास (कोकण)

पाच-सहा मीटर लांबीच्या शिडाच्या किंवा छोट्या इंजिनाच्या होडीतून तीन-चार सोबत्यांनी खाडी आणि लगतचा किनारा धरून केलेला एक ते तीन दिवसांचा प्रवास. धरमतर, राजपुरी, बाणकोट (सावित्री), दाभोळ (वाशिष्ठी), जयगड (शास्त्री), विजयदुर्ग (वाघोटण) आणि कर्ली या खाड्या त्यासाठी सोयीच्या आहेत. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. अशी होडी ताशी सात-आठ किलोमीटर चालते. उधाणात (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीत) अरुंद जागी पाण्याचा ओढ ताशी चार-पाच किलोमीटर असू शकतो. म्हणून कुठे जायचे हे माणसे ठरवतात, पण केव्हा निघायचे हे पाणीच ठरवते.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून भरती पूर्ण होणार सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशेब मुंबईकडचा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तर खाडीत आत ती उशिरा पोचते: दाभोळच्या मुखाशी पाणी उतरू लागले तरी गोवळकोटच्या बाजूला ते काही काळ चढतच असते. अंदाजाला हा हिशेब पुरतो. निघण्यापूर्वी भरतीचे छापील कोष्टक पाहावेच. पाण्याची चढउतार मुंबईला मोठ्या उधाणात साडेचार-पाच मीटर, वेंगुर्ल्याकडे जेमतेम दोन-अडीच. चढ एकसारखा नसतो. सहा तासांचे बारा भाग धरले तर दर तासाला १, २, ३, ३, २, १ असे भाग पाणी चढते. तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सर्वांत जोराचा.

वाऱ्याचेही वेळापत्रक आहे. पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीवरून मतलई वारा. मग थोडा वेळ वारा पडतो आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुटतो. ही दोन वेळापत्रके अष्टमी ते दशमीच्या भांगात (कमी चढउताराच्या दिवसांत) उत्तम जुळतात. सकाळची ओहोटी आणि मतलई होडीला मुखाकडे नेतात, दुपारची भरती आणि खारा वारा परत आत आणतात. ओढही मंद असतो. नवख्या गटाने याच तिथी निवडाव्यात.

सर्वाधिक अपघाताची जागा म्हणजे मुखाजवळचा वाळूचा दांडा. खाडीचे पाणी ओहोटीने बाहेर धावत असताना समोरून खारा वारा आला की लाटा आखूड, उभ्या होतात आणि उथळ दांड्यावर फुटतात. देवबागजवळ कर्लीच्या मुखाशी दांडे जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असे नाही. दांडा भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच ओलांडावा. ओहोटीला मुखाशी आलेल्यांनी आतच नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहावी. रिकामे गेलेले चार तास या प्रवासाचाच भाग आहेत. शीड आखडायचे तेही मुखाच्या आत, बाहेर पडण्यापूर्वी.

चिखलात रुतणे नेहमीचे, आणि चढत्या पाण्यात निरुपद्रवी: तासाभरात होडी आपोआप सुटते. उधाणाच्या भरतीच्या माथ्यावर रुतली तर मात्र पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा ठेंगणी असते आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत अडकू शकते. म्हणून तिवरांच्या फाट्यांत भरती पूर्ण व्हायच्या आधी शिरावे, नंतर नाही. खडकांवरची कालवे अनवाणी पाय चिरतात. वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत. होडी ढकलायला पाण्यात उतरण्यापूर्वी हे आठवावे. डोलजाळ्यांचे खुंट आणि दोर प्रवाहाच्या मध्यभागी असतात. दोर पंख्यात अडकला तर इंजिन बंद करून हाताने सोडवावा, कापू नये. ते कोणाच्या तरी पोटाचे साधन आहे.

रात्रीच्या नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या पाचपट असावा. ओहोटीला दोन मीटर खोली आणि चार मीटर चढ असेल तर तीस मीटर. नांगराजवळ तीन-चार मीटर साखळी जोडावी. पाणी फिरते तशी होडीही नांगराभोवती फिरते, त्यामुळे काठापासून सगळीकडे मोकळी जागा लागते.

गटात तांडेल (होडीचा प्रमुख) एकच असावा, आणि तो निघण्यापूर्वी ठरवावा. परत फिरण्याचा निर्णय मतांनी घ्यायचा नसतो. निघायची वेळ घड्याळापेक्षा पाण्यावरून सांगावी. उशिरा येणाऱ्या सोबत्यासाठी भरती थांबत नाही. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, माणशी रोज चार लिटर पाणी, आणि पेट्रोलचा एक तृतीयांश भाग राखीव, हिशेबात न धरलेला.

ऑक्टोबर आणि मे हे फसवे महिने. दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात, खारा वारा अचानक पडतो आणि काही मिनिटांत पूर्वेकडून झोडपणारा वारा येतो. वारा पडला त्याच क्षणी शीड उतरवावे. वादळेही हंगामाच्या कडेला येतात: नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, जून २०२० मध्ये निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की लहान होडीने निघू नये, निघालेली असल्यास जवळच्या खाडीत शिरावे. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किंवा व्हीएचएफ बिनतारी संचावरील सोळावी वाहिनी वापरावी. आतल्या वळणांवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून मार्ग आणि परतीची वेळ किनाऱ्यावरच्या माणसाकडे लिहून द्यावी.